तेरा वर्षांच्या लेकीची पहिली रायफल, सहाशे डॉलरांत

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही विस्कॉन्सिनात, मॅडिसनजवळ राहता. लेक १३ वर्षांची, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन ४२ किलो. तिच्या मैत्रिणीच्या घरचे दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा त्यांनी तिलाही आपल्या शेतावर बोलावलं आहे. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकार शिकवणारा, कोर्स तिने पूर्ण केला आहे. आता तिची स्वतःची रायफल घ्यायची, सगळं धरून ६०० डॉलरांत. दुकानदार म्हणतो, .३०-०६ (हे काडतुसाचं नाव) चालवणारी घ्या, आयुष्यभर पुरेल. तिचे बाबा म्हणतात, घ्यायचीच तर वाढत्या मापाची घेऊ, दोन वर्षांत ती उंच होईल.

मी या राज्यात वीस वर्षांहून अधिक काळ हरणांची शिकार करतोय आणि गेली अकरा वर्षं मुलांच्या हंटर एज्युकेशनच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतोय. दुकानदाराचा आणि बाबांचा, दोन्ही सल्ले मी स्वतः एकदा मानलेले आहेत. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना मी त्याला माझीच .३०-०६ दिली. नवीन घ्यायला पैसे नव्हते असं नाही. मला वाटलं, दोन वर्षांत त्याच्या मापाची होईलच. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, त्याला दीड इंच लांब होता. खांद्याच्या खोबणीत बसण्याऐवजी तो दंडावर टेकायचा आणि डोकं पुढे ताणून स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, डोळा लावावा लागायचा. तिसऱ्या गोळीला स्कोपची कड भुवईवर बसली. जखम लहान होती, दोन टाके पडले. पण त्यानंतर चाप ओढायच्या आधी त्याचे डोळे मिटायला लागले, खांदा आखडायला लागला. त्याला ते कळतही नव्हतं. त्या मोसमात साठ यार्डांवरच्या हरणाला त्याची गोळी मागच्या पायावर लागली. आम्ही रात्री अकरापर्यंत रक्ताचा माग काढत फिरलो. हरीण सापडलं नाही. तो गाडीत एक शब्द बोलला नाही आणि पुढची दोन वर्षं त्याने रायफलला हात लावला नाही.

तेव्हा शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घ्या, स्वेटर घ्या, बूटही घ्या. रायफल मात्र आज तिच्या अंगाला बसते तीच घ्यायची. जिवावर उठणारी चूक म्हणून तर आहेच, पण साधा हिशेब म्हणूनही. मापात नसलेल्या रायफलने मूल नीट नेम धरू शकत नाही, आणि नेम चुकला की त्याची किंमत तुमची लेक नाही, ते जनावर मोजतं.

रायफलीकडे वळण्याआधी कायद्याचं थोडं, कारण आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. एच-१बी, एच-४ असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक घ्यायला आणि जवळ बाळगायलाही मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. तो असेल तर घेता येते, बाळगता येते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणजे तीच रायफल घरात असणं गुन्हा ठरू शकतं. आणि हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं लागू होतं, लेकीलाही. इमिग्रेशनची फाइल चालू असलेल्या माणसाने यात अंदाजाने वागू नये. वकिलाला एक फोन करा, मग दुकानात जा.

खरेदी अर्थातच मोठ्या माणसाने करायची. दुकानदार अठरा वर्षांखालच्या कुणालाही रायफल विकू शकत नाही. आईवडिलांनी स्वतःच्या पैशाने घेऊन मुलाला भेट देणं कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फॉर्म भरताना दुकानदाराला सरळ सांगा की लेकीसाठी घेतेय. १२-१३ वर्षांच्या मुलांनी कोर्स केलेला असला तरी विस्कॉन्सिनात शिकार करताना आईवडील किंवा त्यांनी नेमलेलं सज्ञान माणूस बरोबर लागतं, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात. मैत्रिणीचे वडील चालतील. पण पहिल्या मोसमात तिला नुसतं नजरेच्या टप्प्यात ठेवू नका, हाताच्या अंतरावर ठेवा, असं मी त्यांना माझ्याकडून सांगायला सांगेन.

आता माप. बंदुकीच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला इथे ‘लेंग्थ ऑफ पुल’ म्हणतात. मोठ्या माणसांच्या रायफलींत ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. तुमच्या लेकीला बारा ते साडेबारा लागेल. एक इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण नोव्हेंबरात ती जाड कोट घालून बसणार आहे आणि तो कोट त्या अंतरात जवळजवळ आणखी एक इंच घालतो. ऑगस्टमध्ये टी-शर्टवर नेमकी बसलेली रायफल मोसमाच्या पहिल्या दिवशी लांब होते. वर्गात मी हे दरवर्षी बघतो आणि दरवर्षी एखादे वडील म्हणतात, अहो, दुकानात तर बरोबर होती.

दुकानात बघायचं ते असं. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा मागचा दांडा) उघडून रिकामी असल्याची खात्री दुकानदाराने करावी, मग तुम्ही, मग तिनेही. तिला भिंतीवरच्या सुरक्षित दिशेला खांद्याला लावायला सांगा, डोळे मिटून. लावून झाली की डोळे उघडायचे. स्कोपमधलं चित्र पूर्ण, गोल, काळ्या कडा नसलेलं दिसलं पाहिजे. मान ताणावी लागली, गाल दस्त्यावरून उचलावा लागला, तर माप चुकलं. पुढच्या हाताचं कोपर सरळ ताठ झालं तरी चुकलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजूने तिच्या पाठीकडे बघा. मूल कंबरेतून मागे वाकून रायफल तोलत असेल तर ती लांब आहे किंवा पुढून जड आहे. मूल स्वतः सांगणार नाही. नवीन वस्तू मिळतेय म्हटल्यावर ते ‘हो, छान बसतेय’ असंच म्हणणार.

तिचा कुठला डोळा जोरकस आहे तेही आजच घरी बघा. दोन्ही तळवे पुढे धरून मध्ये रुपयाएवढी फट ठेवायची, त्यातून दोन्ही डोळ्यांनी दाराची कडी बघायची, मग एक-एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला कडी दिसत राहते तो तिचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलींमध्ये डावा डोळा जोरकस निघणं अगदी नेहमीचं आहे. तसं निघालं तर डाव्या खांद्यावरून शिकवणं बरं. या वयात ते आठवड्याभरात जमतं. आणि मग डाव्या हाताचा बोल्ट असलेली रायफल शोधायची. स्वस्त रायफलींतही त्या मिळतात.

बाबांच्या वाढत्या मापाच्या म्हणण्याला मात्र एक खरं उत्तर आहे. काही रायफलींचे दस्ते पट्ट्या घालून-काढून लहानमोठे करता येतात. मॉसबर्ग पेट्रियटच्या मुलांसाठीच्या सुपर बँटम प्रकारात दस्ता बारा ते तेरा इंचांपर्यंत बदलतो. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचांचा आहे, आणि पुढे तिची उंची वाढली की त्याच रायफलीला मोठा दस्ता लावता येतो. नळी आणि बोल्ट तेच राहतात. म्हणजे वाढ दस्त्यात विकत घ्यायची आणि ती लागेल तेव्हा.

आता काडतूस, ज्यावर लोक तासन् तास भांडतात. दुकानदाराची .३०-०६ वाईट नाही. १९०६ सालापासून ती चालत आली आहे आणि तिने पडणार नाही असं जनावर या खंडात क्वचितच. पण साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीतून ती खांद्याला साधारण वीस फूट-पौंडांचा धक्का देते. .३०८ थोडा कमी, सतरा-अठरा. ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमोर बारा-तेराच्या आसपास. .२४३ विंचेस्टर नऊ-दहा. गोळी आणि रायफलीचं वजन बदललं की हे आकडे सरकतात, पण त्यांचा क्रम सरकत नाही. बेचाळीस किलोच्या मुलीला दहा आणि वीस यांतला फरक हा आवडीचा प्रश्न राहत नाही. दहाच्या धक्क्याने ती एका दुपारी वीस गोळ्या मारून हसत घरी येईल. वीसच्या धक्क्याने पाचव्या गोळीला डोळे मिटेल.

माझं मत सांगतो : .२४३ घ्या. १९५५ साली आलेलं हे काडतूस .३०८ चंच कवच निमुळतं करून केलेलं आहे. गेली सत्तर वर्षं या भागातल्या कितीतरी मुलांनी आपलं पहिलं हरीण त्यानेच मारलं आहे, आणि पेट्रोलपंपाशेजारच्या छोट्या दुकानातही ते मिळतं. त्याच्यावर आक्षेप असा की गोळी हलकी, चुकीला जागा कमी. आक्षेप खरा आहे. पण हलकी गोळी जागेवर लागली तर हरीण पन्नास यार्डांत पडतं आणि जड गोळी पोटात लागली तर ते मैलभर जातं. जागेवर लागणं हे धक्क्याच्या भीतीवर अवलंबून असतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. .२४३ मध्ये ५५ ते ७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, पातळ आवरणाच्या गोळ्या मिळतात, त्या घुशीसारख्या लहान जनावरांसाठी असतात आणि हरणाच्या खांद्यावर फुटून जातात. खोक्यावर हरणाचा उल्लेख असलेली, ८५ ते १०० ग्रेनची गोळी घ्यायची. तांब्याची असेल तर ८० सुद्धा चालते.

६.५ क्रीडमोर हा दुसरा चांगला पर्याय. २००७ मध्ये आलं, आता प्रत्येक दुकानात असतं, आणि ती सोळाची झाल्यावरही पुरून उरेल. तुमची लेक थोडी दणकट असती तर मी तेच म्हटलं असतं. ७ एमएम-०८ माझ्या स्वतःच्या आवडीचं आहे, पण लहान गावातल्या दुकानांत त्याची खोकी दिसत नाहीत आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तर नाहीच. दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आतच शिकार होणार असेल तर .३५० लेजंडही बघा. २०१९ चं काडतूस, धक्का .२४३ एवढा किंवा कमी. मैत्रिणीच्या वडिलांना विचारा, त्यांच्या मचाणावरून सगळ्यात लांबचं मोकळं अंतर किती आहे. विस्कॉन्सिनात हरणासाठी .२२३ सारखी लहान सेंटरफायर (तळाच्या मध्यावर ठोका बसून उडणारी) काडतुसंही कायद्याने चालतात, म्हणून कुणीतरी ती सुचवेल. नवशिक्या हातात मी ती देणार नाही.

आणखी दोन मोह टाळा. एक, अगदी हलकी ‘माउंटन’ रायफल. हातात घेतली की मूल खूश होतं, पण रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. स्कोपसकट सात ते साडेसात पौंड हे तिच्यासाठी बरोबर वजन आहे. बसून, काठ्यांच्या टेकूवरून मारायचं असल्याने तेवढं वजन हातावर येत नाही. दुसरा मोह, धक्का कमी करायला नळीच्या टोकाला लावतात तो मझल ब्रेक. धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. तो तिच्या कानांवर आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांवर येतो.

कानांचं निघालंच आहे तर : सेंटरफायर रायफलीचा आवाज १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात असतो आणि १४० च्या वर एका बारानेही ऐकण्याची कायमची हानी होऊ शकते. माझ्या पिढीच्या शिकाऱ्यांचे कान बघा, जेवणाच्या टेबलावर सगळं दोनदा सांगावं लागतं. इलेक्ट्रॉनिक कानटोप्या चाळीस-पन्नास डॉलरांत मिळतात. त्या बारीक आवाज मोठा करतात आणि बार झाला की बंद होतात. हरणाच्या पावलाखालची पानं उलट जास्त चांगली ऐकू येतात, म्हणून मुलं त्या शिकारीतही आनंदाने घालतात. हे पैसे कापू नका. डोळ्यांना साधा सुरक्षा चष्मा.

पैशांचा हिशेब. सध्याच्या किमतींत सॅव्हेज ॲक्सिस किंवा मॉसबर्ग पेट्रियटचा लहान दस्त्याचा, स्कोप लावूनच येणारा संच साधारण चारशे ते पावणेपाचशे डॉलरांना पडतो. या संचांतला स्कोप सामान्य असतो, पण शंभर यार्डांपर्यंत त्याने काम होतं. कानटोप्या आणि चष्मा साठ. उरलेल्या पैशांत काडतुसांची दोन-तीन खोकी. झाले सहाशे. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट वेगळी आणि स्कोप वेगळा असं घेतलं तर ते जास्त चांगलं, पण सहाशेच्या वर जातं आणि मग काडतुसांना पैसे उरत नाहीत. रायफल भारी आणि काडतुसांचं एकच खोकं, ही मी बघितलेली सगळ्यात नेहमीची चूक. संच घ्या, सरावाला पैसे ठेवा. स्कोप पुढच्या वर्षी बदला.

वापरलेली रायफल मिळाली तर आणखी बरं. या राज्यात मुलं मोठी होतात आणि लहान दस्त्याच्या रायफली ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानांत परत येतात, बऱ्याचदा वीस-तीस गोळ्याच झालेल्या. नळीच्या तोंडाशी गंज किंवा खोच नाही ना, सेफ्टी लावून चाप ओढला तर काही हलत नाही ना, बोल्ट मोकळा फिरतो ना, एवढं बघा आणि मॉडेलचं नाव घालून कंपनीने ते कधी परत मागवलं होतं का ते तपासा. जुन्या काही नावाजलेल्या रायफलींच्या चापांत दोष निघाले होते. त्यातले काही कंपन्यांनी बदलून दिले होते, पण बदललेला आहे याची खात्री आपण करायची.

स्कोप वेगळा घेतलाच तर २-७ किंवा ३-९ पटींचा पुरे. याहून मोठा तिला जडच होईल. इथलीच, बार्नवेल्डची व्होर्टेक्स कंपनी आहे, तिचा क्रॉसफायर स्वस्तात मिळतो. ल्युपोल्डचा फ्रीडम थोडा महाग, पण पहाटेच्या उजेडात जास्त स्पष्ट. पट किती यापेक्षा डोळा आणि भिंग यांत अंतर किती राहतं ते बघा, साडेतीन इंच तरी हवंच. आणि स्कोप दुकानदाराच्या मापाने बसवू देऊ नका. तिला कोट घालून, बसवून, सगळ्यात मोठ्या पटीवर तिच्या डोळ्याला पूर्ण चित्र दिसेल तिथे तो पुढेमागे सरकवून मग स्क्रू आवळायचे. माझ्या मुलाच्या भुवईवरची खूण या पाच मिनिटांनी टळली असती.

गोळ्यांबद्दल आई म्हणून तुम्हाला विशेष सांगतो. शिशाची गोळी जनावरात शिरल्यावर तिचे बारीक कण मांसात बऱ्याच लांबपर्यंत पसरतात, डोळ्याला न दिसणारे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना दान केलेल्या हरणाच्या मांसात ते सापडले आणि अन्नछत्रांना ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आलं. लहान मुलांच्या पोटात शिसं किती गेलेलं चालतं याला सुरक्षित मर्यादा नाही. म्हणून सरावाला स्वस्त शिशाची आणि शिकारीला तांब्याची गोळी, असं मी घरी ठेवलं आहे. तांब्याचं खोकं महाग पडतं, पण मोसमात लागतात किती, चार-पाच गोळ्या. मात्र दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. मोसमाच्या दोन आठवडे आधी तांब्याच्या गोळीवर स्कोप पुन्हा जुळवायचा, हे विसरू नका. आणि मांस खाणार असाल तर हरणाचा सीडब्ल्यूडी या, हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या आजारासाठी तपास करून घ्या. तुमच्याच भागात, मॅडिसनच्या पश्चिमेला, २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनात पहिल्यांदा सापडला. राज्याचं खातं तपासणी फुकट करतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहू दे.

आता सराव. तिला .२४३ ने नेमबाजी शिकवू नका. मैत्रिणीच्या घरी .२२ रिमफायर (छोट्या, हलक्या काडतुसाची रायफल) बहुधा असेल, ती मागून घ्या. तिची गोळी दहा-पंधरा सेंटला पडते, धक्का जवळजवळ नाही, आवाजही कमी. श्वास सोडून थांबणं, चाप बोटाच्या पहिल्या पेराने हळू दाबणं, गोळी गेल्यावरही डोळा तिथेच ठेवणं, हे सगळं तिथे शिकायचं. शंभर गोळ्या .२२ च्या, मग दहा .२४३ च्या. एका दिवशी .२४३ च्या वीसपेक्षा जास्त नाहीच. थकलं की मूल वाईट सवय शिकतं आणि शिकलेली भीती काढायला वर्षं जातात.

ती धक्क्याला घाबरतेय का हे ओळखायची एक रीत आहे. दुकानात नकली काडतुसं मिळतात. तिला न सांगता खऱ्यांत एखादं नकली भरा. बार झाला नाही तेव्हा नळी स्थिर राहिली तर सगळं ठीक. नळी खाली झुकली, खांदा पुढे आला, तर त्या दिवशी खरी गोळी बंद आणि परत .२२.

अंतराची मर्यादा तिनेच ठरवायची, भाकरीने. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, आपल्या भाकरीएवढी. कागदी प्लेटही तेवढीच असते. प्लेट लावायची, शिकारीत बसणार तसं बसायचं, टेबलावरून नाही. पाचपैकी पाच गोळ्या प्लेटमध्ये पडल्या तर ते अंतर तिचं. चार पडल्या तर दहा यार्ड पुढे या. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचं पहिल्या वर्षीचं अंतर सत्तर-ऐंशी यार्डांवर थांबतं आणि तेवढं पुरतं. सराव कुठे करायचा असा प्रश्न असेल तर ईगलजवळची मॅकमिलर रेंज आहे, तिथले लोक मुलांशी फार सांभाळून वागतात.

घरात ठेवण्याबद्दल. कणकवलीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं नाचणीत शिरायची म्हणून. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि एरवी माजघरात खुंटीवर असायची. आम्हा पोरांना एवढंच सांगितलेलं, हात लावायचा नाही. आम्ही लावला. सगळी पोरं लावतात. ती भरलेली नव्हती हे आमचं नशीब. म्हणून माझ्या घरी नियम उलटा आहे. मुलांना बघायची असेल तर कधीही विचारावं, मी काम सोडून कपाट उघडतो, रिकामी असल्याचं आधी ते बघतात, मग मी, आणि हात लावू देतो. मात्र कपाटाला कुलूप, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच. पत्र्याच्या कपाटाचे पैसे सहाशेच्या बाहेरचे धरा. तोवर बोल्ट काढून वेगळा ठेवा आणि नळीतून जाणारं केबल-कुलूप लावा. बऱ्याच पोलीस ठाण्यांत ते फुकट मिळतं.

पुण्याच्या आजीला काय सांगायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, तिथली जनावरं संपत आली होती. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं लाखांनी आहेत, त्यांना खाणारे लांडगे राज्याच्या दक्षिण भागात उरलेले नाहीत, आणि कुठल्या भागात किती मारायची ते राज्य दरवर्षी ठरवतं. १९३७ च्या एका कायद्याने प्रत्येक रायफलीच्या आणि काडतुसाच्या विक्रीवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो, तुमच्या या खरेदीवरचाही. आजीला हे पटेल की नाही सांगता येत नाही. माझ्या आईला दहा वर्षं लागली. तिला पटवलं ते आकड्यांनी नाही. माझी मुलगी एकदा समोर आलेल्या हरणावर गोळी न झाडता परत आली, कारण ते तिच्या अंतराच्या पलीकडे होतं, आणि तिने ते फोनवर आजीला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवसांची वेगळी शिकार असते. थंडी कमी, रानात गर्दी नाही. शक्य असेल तर तिची सुरुवात तिथे करा. म्हणजे रायफल ऑगस्टअखेरपर्यंत हवी. केशरी कपड्यांचा नियम तेव्हाही असतो. कंबरेच्या वरचे निम्मे तरी कपडे चमकदार केशरी हवेत, किंवा या राज्यात २०१६ पासून चमकदार गुलाबीही चालतात. तिला विचारा कुठला हवा, कोट आधी घ्या आणि तोच घालून दुकानात न्या.